पेलेट तोलायला कोणता काटा घ्यावा, आणि मुळात तोलावेत का?

प्रश्न थोडक्यात असा. मिरजेची मुलगी सांगलीत १० मीटर एअर रायफलचा सराव करते, राज्य स्पर्धेची तयारी चालू आहे. बरोबरीची काही मुलं पेलेट (एअर रायफलचे शिशाचे छर्रे) तोलून वजनाप्रमाणे वेगळे करतात. पालकांसमोर तीन पर्याय आहेत: पाच-सहाशे रुपयांचा खिशातला काटा, दोन-अडीच हजारांचा ०.००१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, आणि ऑनलाइन 'रीलोडिंग स्केल' (काडतुसात दारू भरताना वापरायचा) म्हणून विकला जाणारा काटा. बजेट पाच हजारांचं. शिवाय मोठा भाऊ .२२ रायफल मारतो, त्याची काडतुसं याच काट्यावर तोलता येतील का, हेही विचारलंय.

तिन्हींपैकी एक घ्यायचाच असेल तर मधला घ्या. पण पाचातले अडीच हजारच काट्यावर घाला. उरलेले वेगवेगळ्या लॉटचे (एका खेपेत बनलेला माल म्हणजे एक लॉट) पेलेट आणून तिच्याच रायफलवर मारून बघायला ठेवा. असं का, ते आधी आकड्यांत पाहू, कारण पेलेटच्या वजनाबद्दल रेंजवर फार धूसर बोललं जातं.

मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचा, म्हणजे ८.२ ग्रेनचा. रायफलमधून तो सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने निघतो आणि १० मीटर जायला त्याला सेकंदाचे सहा शतांश भाग लागतात. तेवढ्या वेळात तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. हवेचा दाब तोच असेल तर जड पेलेट हळू जातो, आणि हिशोब केला तर वजन १ टक्का वाढलं की हे खाली येणंही साधारण १ टक्काच वाढतं. म्हणजे ५ मिलिग्रॅमच्या फरकाने नेम ०.१७ मिलिमीटर वर-खाली होतो. दशांश गुणांत एक पायरी ०.२५ मिलिमीटरची असते: १०.९ आणि १०.८ मधलं अंतर तेवढंच. थोडक्यात ५ मिलिग्रॅमने दशांशाची एक पायरीसुद्धा पूर्ण जात नाही. १० मिलिग्रॅमने मात्र ०.३४ मिलिमीटर जातात, तिथे गुण हलतो. चांगल्या मॅच पेलेटच्या डब्यात बहुतेक दाणे सरासरीच्या ५ मिलिग्रॅम आत-बाहेरच असतात. त्यापलीकडचे मोजके निघतात. काट्याचं खरं काम ते मोजके वेचून काढणं. ०.५३० आणि ०.५३१ वेगळ्या डबीत ठेवण्यात वेळ घालवू नये.

दुसरा आकडाही लक्षात ठेवा. रायफलच्या रेग्युलेटरमुळे (हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) वेग सेकंदाला १ मीटरने इकडेतिकडे झाला तर नेम ०.२ मिलिमीटर हलतो. रायफल जुनी असेल, सील थकले असतील आणि वेग ३-४ मीटरने नाचत असेल, तर पेलेट मिलिग्रॅमपर्यंत जुळवूनही काही हाती लागणार नाही. क्लबमध्ये क्रोनोग्राफ असेल तर आधी दहा शॉटचा वेग मोजून घ्या. दहा शॉटमधला सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा वेग यांत २ मीटरपेक्षा कमी फरक असेल तर रायफल ठीक आहे, पुढे जायला हरकत नाही.

वजनापेक्षा मोठा फरक पडतो तो लॉटने. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा पेलेट वेगळ्या साच्यातून आला की त्याच बॅरलमधून वेगळा ग्रुप (लागोपाठच्या शॉटच्या भोकांचा पुंजका) देतो. डब्यावर हेडचं (पेलेटच्या डोक्याचं) माप असतं, ४.४९ किंवा ४.५० मिलिमीटर, आणि लॉट क्रमांकही असतो. चार-पाच लॉटचे डबे मिळवा. क्लबमधल्या पालकांनी मिळून घेतले तर खर्च वाटला जातो. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवा, प्रत्येक लॉट बदलल्यावर पहिले पाच-सात शॉट मोजू नका (बॅरलमध्ये आधीच्या पेलेटचं शिसं असतं), मग दहा-दहाचे दोन ग्रुप मारा. व्हर्निअरने भोकाची बाहेरची कड ते बाहेरची कड मोजा. सुमारे ५ मिलिमीटर आलं तर उत्तम, ५.५ च्या पुढे गेलं तर तो लॉट सरावाला ठेवा. क्लॅम्प नसेल तर वाळूच्या पिशवीवर टेकवूनही तुलना होते, फक्त माणसाचं हलणं त्यात मिसळतं, म्हणून लॉटमागे दोनऐवजी चार ग्रुप लागतात. लॉट ठरला की त्याचे जमतील तेवढे डबे एकदम घ्या. सहा महिन्यांनी तोच क्रमांक मिळेल याची खात्री कोणताच दुकानदार देऊ शकत नाही.

मग डोळ्यांची तपासणी. डबा मऊ टॉवेलवर हळूच रिकामा करा आणि भिंगातून मागची कड बघा, जिला स्कर्ट म्हणतात. पेलेट शिशाचा, स्कर्ट पातळ. प्रवासात डबा आपटला की ती चेपते. चेपलेला स्कर्ट बॅरलमध्ये एका बाजूने हवा सोडतो आणि पेलेट बॅरलच्या तोंडाशी तिरका सुटतो. असा एक पेलेट ८.५ देऊ शकतो, आणि काट्यावर त्याचं वजन अगदी बरोबर भरतं! म्हणून तोलण्याआधी बघणं. डबा हलवून 'खुळखुळ' ऐकायची मुलांची सवयही इथेच मोडा.

आता काट्याकडे.

काट्याच्या डब्यावर ०.००१ छापलेलं असतं, त्यावरून लोक काटा निवडतात. पण पडद्यावर तिसरा दशांश दिसतो म्हणजे तो खरा असतोच असं नाही. तुम्हाला बघायचंय ते एवढंच, की तोच पेलेट दहा वेळा ठेवला तर आकडा किती हलतो. दोन-अडीच हजारांच्या काट्यात आतमध्ये लोड सेल असतो: वजनाने किंचित वाकणारी धातूची पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली विद्युत रोधाची तार. चांगला नमुना मिळाला तर तो १-२ मिलिग्रॅममध्ये तोच आकडा देतो. वाईट नमुना ५ मिलिग्रॅम नाचतो, आणि दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच किमतीचे असू शकतात. म्हणून परत घेण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि पहिल्या दोन दिवसांत खाली दिल्याप्रमाणे तपासा.

काटा सुरू करून वीस मिनिटं नुसता चालू ठेवा. थंड लोड सेलचा शून्य सरकत राहतो. नंतर एका पेलेटवर मार्करचा बारीक ठिपका देऊन तो 'नमुना' ठरवा, दहा वेळा ठेवा-उचला आणि आकडे वहीत लिहा. सर्वांत मोठा वजा सर्वांत छोटा २ मिलिग्रॅम किंवा कमी हवा. मग तोच पेलेट ताटलीच्या मध्यावर आणि चार कडांवर ठेवून बघा. कडेला फरक पडत असेल तर काटा वापरता येतो, पण पेलेट दरवेळी मध्यावरच ठेवण्याची शिस्त लागते. शेवटी २० ग्रॅमचं काहीतरी पाच मिनिटं ठेवून द्या. या काळात आकडा २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सरकला, किंवा उचलल्यावर शून्य परत आला नाही, तर काटा परत पाठवा.

एक कसोटी फार स्वस्त आहे आणि कोणी सांगत नाही. झेरॉक्सच्या ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागदाचा १ सेंटिमीटरचा चौरस कापा. त्याचं वजन ८ मिलिग्रॅम. अर्धा केला की ४. (रिमवर ७५ जीएसएम लिहिलं असेल तर ७.५ आणि पावणेचार धरा.) रिकाम्या काट्यावर शून्य असताना ४ मिलिग्रॅमचा तुकडा हळूच ठेवा. बऱ्याच स्वस्त काट्यांवर आकडा ०.००० च राहील. काटा बिघडलेला नाही. शून्याजवळचा लहानसा बदल म्हणजे हवा किंवा तापमान असं समजून तो स्वतःच पुसून टाकतो. आता ताटलीत एक रुपयाचं नाणं ठेवा आणि त्याच्यासकट तोला. तोच तुकडा टाकला की आकडा ४ ने वाढायला हवा. वाढला तर काटा कामाचा. पेलेट तोलतानाही हीच युक्ती करा: नाणं ताटलीतच राहू द्या, टेअर करू नका (म्हणजे नाणं असताना आकडा शून्यावर आणू नका), आणि नाण्यासकटचा आकडा वाचा. टेअर केलं की काटा पुन्हा शून्याजवळ येतो आणि पुसापुशी सुरू होते.

खिशातला ०.०१ ग्रॅमचा काटा या कामाला चालणार नाही. त्याची एक पायरीच १० मिलिग्रॅमची, ०.५२५ आणि ०.५३४ दोन्ही तो ०.५३ दाखवेल. मार्केट यार्डातल्या काट्यावर वेलदोडे मोजण्यातला प्रकार. 'रीलोडिंग स्केल' बहुतेक वेळा ०.१ ग्रेन दाखवतो, आणि ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. रायफलच्या काडतुसात चाळीसेक ग्रेन दारू भरणाऱ्याला ०.१ ग्रेन म्हणजे पाव टक्का, त्याला ते पुरतं. ८.२ ग्रेनच्या पेलेटला तेच सव्वा टक्का पडतं. त्याच्यासोबत येणारी दारूची ताटली, थेंबथेंब सोडणारी नळी यांचा तुम्हाला काही उपयोग नाही. दांडीचे जुने यांत्रिक काटेही असतात, अकीकाच्या धारेवर झुलणारे. त्यांना ना बॅटरी लागते ना शून्य सरकतो, पण त्यांचीही संवेदनक्षमता साधारण ०.१ ग्रेनचीच, आणि पाचशे पेलेट त्यावर तोलायचे म्हणजे अख्खा रविवार.

यापुढचा टप्पा सराफी काट्याचा. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर किंवा विट्यात असे काटे विकणारे आणि दुरुस्त करणारे भेटतात. खानापूर तालुक्यातल्या गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यवसायामुळे विट्यात मिलिग्रॅमची भाषा नवी नाही. काचेचं झाकण, पातळीचा बुडबुडा, अॅडॅप्टर, दुरुस्तीची सोय हे सगळं त्यात मिळतं. किंमत मात्र कित्येक पटीने जाते. एका मुलीसाठी तो घेऊ नका. क्लबने मिळून एक घेतला तर शहाणपणाचं. व्यापारासाठी वापरायच्या काट्याला वैधमापनाची पडताळणी आणि शिक्का लागतो, घरी पेलेट वेगळे करायला लागत नाही. म्हणून जुना, पासिंग संपलेला सराफी काटा स्वस्तात मिळत असेल तर वरच्या कसोट्या लावून जरूर बघा.

कॅलिब्रेशनबद्दल. पृथ्वीचं ओढणं जागेनुसार बदलतं. युरोपात ५० अंश अक्षांशावर जुळवलेला काटा सांगलीत जवळजवळ पाव टक्का कमी दाखवतो, म्हणजे ५० ग्रॅमला १३० मिलिग्रॅमच्या आसपास. सांगलीत जुळवून महाबळेश्वरच्या शिबिराला नेला तरी ५० ग्रॅमवर काही मिलिग्रॅम हलतात. म्हणून काटा आणल्यावर एकदा, आणि गाव बदलल्यावर, सोबतच्या वजनाने जुळवा. ते वजन उघड्या बोटांनी धरू नका, घामाचा डाग त्यावर राहतो. वेगळं प्रमाणित वजन घ्यायचंच असेल तर ५० ग्रॅमचं 'एफ-२' वर्गाचं पुरे, त्यात १ मिलिग्रॅमची मुभा असते. 'एम-१' ला ३ मिलिग्रॅमची. पण खरं सांगायचं तर पेलेट वेगळे करायला खरं वजन किती हे महत्त्वाचंच नाही. सगळे पेलेट एकाच काट्यावर, एकाच बैठकीत तोलले की झालं. दोघांनी आपापल्या घरच्या काट्यांचे आकडे जुळवत बसणं मात्र व्यर्थ.

काट्याची जागा निम्मं काम करते. पंखा बंद, एसीचा झोत नाही, खिडकी लावलेली. लाकडी टेबल हाताच्या भारानेही वाकतं. कडप्पा किंवा ग्रॅनाइट उत्तम. घरात ते स्वयंपाकाच्या ओट्यावरच असतं आणि तिथे शिसं नेणं साफ चुकीचं, म्हणून फरशीच्या दुकानातून कडप्प्याचा हातभर उरलेला तुकडा आणा आणि खोलीच्या कोपऱ्यात, जिथे जमीन कमी हलते तिथे, ठेवा. घर सांगली-मिरज रस्त्यालगत असेल तर एसटी गेली की आकडा थरथरतो. रात्री उशिरा किंवा पहाटे तोला. मोबाइल काट्याजवळ नको, फोन आला की स्वस्त काट्याचा आकडा उडतो. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या ताटलीवर स्थिर वीज साठते आणि आकडा एका जागी बसत नाही. ताटलीवर ॲल्युमिनियमची फॉइल चिकटवा. बॅटरी उतरू लागली की शून्य सरकतो, त्यामुळे नवे सेल टाकूनच बसा. 'मोड'चं बटण चुकून दाबलं गेलं तर कॅरट किंवा ग्रेन सुरू होतं आणि आकडे वेडेवाकडे दिसतात. ग्रॅमच ठेवा.

प्रत्यक्ष तोलणं असं. आधी पन्नास पेलेट नुसते तोलून लिहा. त्यावरून सरासरी आणि पसारा कळतो. समजा नाण्याचं वजन वजा करून सरासरी ०.५३१ आली, तर ०.५२९ ते ०.५३३ ही मधली डबी, तिच्या खाली-वर पाच-पाच मिलिग्रॅमची एकेक डबी, आणि त्याबाहेरचे चौथ्या डबीत. डबीची रुंदी काट्याच्या नाचण्याच्या निदान दुप्पट-अडीचपट हवी. काटा २ मिलिग्रॅम नाचत असेल तर ५ मिलिग्रॅमपेक्षा अरुंद डब्या करणं ही स्वतःची फसवणूक. पेलेट उचलायला प्लॅस्टिकचा, गोल टोकाचा चिमटा घ्या आणि डोक्याकडून धरा. टोकदार स्टीलचा चिमटा स्कर्टवर ओरखडा काढतो. दर पंचवीस पेलेटनंतर ठिपक्याचा नमुना ठेवा. त्याचा आकडा २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सरकला असेल तर शेवटचे पंचवीस परत तोला. पाचशेचा डबा तासाभरात होतो. दोन तास सलग बसलं की डोळे आकडा न वाचता अंदाज करायला लागतात, तेव्हा उठा.

मधली डबी स्पर्धेला आणि क्लॅम्पच्या चाचणीला. खालची आणि वरची एकमेकांत मिसळू नका. एकेका सराव सत्रात एकच डबी वापरा, फरक जाणवणार नाही. चौथी डबी नुसत्या सरावाला. पन्नासच्या नमुन्यातच सगळे ४ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात बसले, तर तो डबा तोलूच नका. काही महागड्या लॉटबाबत असं खरंच होतं, आणि तेव्हा तो तास मुलीला ड्राय फायरिंग (पेलेट न घालता ट्रिगरचा सराव) करू देणं जास्त फायद्याचं.

शिशाबद्दल कडक राहा. तोलताना खाणंपिणं नाही. नंतर थंड पाण्याने साबण लावून हात धुवायचे. टॉवेल वेगळा, घरच्या कपड्यांबरोबर धुवायचा नाही. खोली झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. झाडल्याने बारीक धूळ उडते. घरात लहान मूल असेल तर हे काम क्लबवरच करा. पावसाळ्यात सांगलीची हवा महिनोन्‌महिने दमट, त्यात पेलेटवर पांढरट बुरा येतो. असा पेलेट फेकून द्या, तो चोळून वापरायचा नसतो. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि डबे नव्या प्लायवूडच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा शिसं खातात, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवल्यासारखंच होतं ते.

भावाच्या .२२ काडतुसांचं उत्तर सोपं आहे: तोलू नका. काडतूस एकूण साधारण ३.३ ग्रॅमचं, त्यात गोळी ४० ग्रेन म्हणजे २.५९ ग्रॅमची, बाकी पितळ, दारू आणि कडेतला स्फोटक थर. १५ मिलिग्रॅमचा फरक दिसला तर तो पितळेचा, गोळीचा की दारूचा, हे बाहेरून कळत नाही. पितळेचा असेल तर नेमावर जवळजवळ काहीच परिणाम नाही. तिथे लॉट बॅरलवर मारून बघण्याला पर्याय नाही. गोळी ओढून काढून आत बघण्याचा किंवा घरी काडतूस भरण्याचा विचारही नको. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो, आणि .२२ च्या कडेतला स्फोटक थर पकडीच्या दाबानेही पेटू शकतो.